मनकर्णाबाईचं जांभळं धान

मनकर्णाबाईची बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत, तलावाच्या अगदी पायथ्याशी होती. सिंदेवाहीपासून तीन कोसांवरच्या त्या गावात तलावाचं पाणी आधी तिच्या बांधीत उतरायचं आणि तिथून धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं, खालच्या अकरा बांध्यांत जायचं. पहिल्या पाण्याची धनीण म्हणून लोक तिचा हेवा करायचे. चौपन्न साली हेवा संपला आणि बोंब सुरू झाली. तिच्या बांधीत करगा माजला होता.

करगा म्हणजे रानधान. लोंबी येईस्तोवर तो हुबेहूब धानासारखा दिसतो. मग लांब कुसळं बाहेर पडतात, आणि कापणीच्या आधीच दाणे चिखलात गळतात. पुढल्या साली ते उगवतात, आणि काही पाण्यासोबत वाहत खालच्या बांध्यांत जातात.

मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन तलाव सरकारचा झाला होता, तरी पाण्याचा निवाडा गावातच व्हायचा. तिच्या लगेच खालची बांधी लटारूभाऊची. पंचांच्या बैठकीत तोच उठला.

"मनकर्णाबाई, तुमच्या पाण्यासंग करगा आमच्याकडे येते. औंदा पाहू. लोंबी आल्यावर करगा दिसला, तर पुढल्या साली पाणी तुमच्या बांधीबाहेरून काढू."

पाणी गेलं तर ती बांधी गुरं चारण्यापुरतीच उरणार. घरी नवरा वारलू म्हणाला, "राहू दे पडीत. मी जंगलात लाकूडतोडीले जातो."

"पडीत ठेवल्यावर करगा मरते का? त्याले तर मोकळं रान भेटल."

दुसऱ्या दिवशी ती सिंदेवाहीच्या धानाच्या सरकारी फार्मवर चालत गेली. तिथला मुकादम सोमाजी तिच्या माहेरच्या गावचा. त्यानं तिला एक वाण सांगितलं: पान जांभळं, तांदूळ मात्र पांढरा.

"हे लावा बाई. मग बांधीत जे हिरवं दिसल ते करगा. पण दरसाल लागोपाठ लावू नका. करग्याशी मिसळलं तर तोही जांभळा होते, मग काय ओळखाल?"

मनकर्णाबाईनं पायलीभर बी पदरात बांधून आणलं. धुऱ्यालगतच्या कोपऱ्यात, जिथं करगा कधी नव्हता, तिथं रोपांसाठी पऱ्हे टाकले. बांधीत पाणी घेऊन आधी करगाच उगवू दिला, मग नांगरून चिखलात गाडला. आठ दिवसांनी पुन्हा तसंच केलं. पाणी खाली जायच्या तोंडाशी बारीक विणीची टोपली रोवली, आणि रोज सकाळी तीत अडकलेलं बी चुलीत टाकलं.

रोपं बांधीत लावून रोवणा झाला तेव्हा बांधी वांग्याच्या रंगाची दिसू लागली. येणारेजाणारे धुऱ्यावर थांबायचे. "काय वो, धानावर शाई सांडली का?"

"सांडली. तुमच्या पोराची शाळा आहे इथी," ती म्हणायची आणि वाकून कामाला लागायची.

निंदणाला रुखमाबाई सात बाया घेऊन आली. मनकर्णाबाईनं त्यांना सारं समजावून सांगितलं आणि ती आंबील आणायला घरी गेली. परतून पाहते तर धुऱ्यावर जांभळ्या रोपांचा ढीग. जन्मभर हिरवं राखत आलेले हात सांगून ऐकतात थोडेच! शिवाय रोवलेलं हिरवं धान उपटणं म्हणजे लक्ष्मीला घराबाहेर काढणं, असं त्या बाया मानत.

"रोगट सारं काढलं बाई," रुखमाबाई कौतुकानं म्हणाली. "हिरवं हिरवं ठेवलं."

मनकर्णाबाईनं हातातलं मडकं धुऱ्यावर टेकवलं. बांधीचा चवथा हिस्सा गेला होता. चिखलात उतरून तिनं एक हिरवं रोप मुळासकट अलगद काढलं आणि पाण्यात धुतलं. मुळाशी जुन्या दाण्याचं काळं टरफल अजून चिकटून होतं, आणि त्याला बोटभर कुसळ.

"हे धान होय? सांगा."

रुखमाबाईनं टरफल नखानं सोलून पाहिलं. "माय वं! आजवर मी करगाच पोसला म्हणा नं!"

बाया हसल्या. ढिगातल्या रोपांची मुळं अजून ओली होती, ती जगण्यासारखी होती. आंबील तशीच राहिली. अंधार पडेस्तोवर मनकर्णाबाईसकट नऊही जणींनी जांभळी रोपं परत रोवली आणि हिरवी उपटली. परत रोवलेली बरीच रोपं पुढे जगली, काही पिवळी पडली. त्यानंतर दर आठवड्याला मनकर्णाबाई एकटी ओळीओळीनं हिरवं उपटत फिरली.

आश्विनात लोंब्या आल्या आणि पंच आले. गुणवंतराव त्यांत वडील. लटारूभाऊ बांधीभर हिंडला आणि कोपऱ्यातून ओरडला, "पाच! अट म्हणजे अट."

मनकर्णाबाईनं पाचही कुसळी लोंब्या पदरात धरून रोपं उपटली. "होते, काढले. दाना चिखलात पडला नाई. आता तुमच्या बांधीतले मोजू."

धुऱ्यापलीकडे लटारूभाऊच्या बांधीत कुसळंच कुसळं डोलत होती.

"हा तुमचाच आहे," तो पुटपुटला.

मनकर्णाबाई म्हणाली, "गेल्या सालचा माझाच. मी कुठी नाई म्हणतो? उद्या काढाले येतो. औंदा मात्र माझ्या बांधीतून दाना खाली आला नाई."

गुणवंतरावांनी दोन्ही बांध्यांकडे पाहिलं. "बाईनं दाना गळू दिला नाई. पाणी जिथून उतरते तिथूनच उतरल. लटारू, तुले पटते नं गा?"

लटारूभाऊनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाई त्याच्या बांधीत उतरली. दुपारपर्यंत करग्याचे नऊ भारे निघाले. दाणे अजून दुधात होते, पिकून गळायचे होते. लटारूभाऊनं ते भारे एकेक करून स्वतः उचलले आणि बैलांपुढे टाकले.