हात टेकवता येतो का?

दुकानात पाय ठेवला की "बजेट किती?" असं विचारणाऱ्या माणसाचा मला भयंकर राग येतो. अरे बाबा, आधी मला काय हवंय ते तरी विचार! टॅबलेट घ्यायचा म्हणून जळगावात जितक्या दुकानांत शिरले तितक्या ठिकाणी हाच प्रश्न, आणि त्याच्या मागोमाग रॅम, जीबी, मेगापिक्सेल. मला काही सिनेमा काढायचा नव्हता. वर्गात तास चालू असताना नोट्स लिहायच्या होत्या, आणि लिहिताना माझा उजवा हात दुखायला नको होता. बास, एवढंच.

चाळिशी उलटल्यावर मी वकिलीच्या कॉलेजात नाव घातलं. नवरा म्हणाला, "भांडायला तुला येतंच, आता कलमं लावून भांड." तो नोकरीसाठी धुळ्याला असतो, शनिवारी येतो, त्यामुळे त्याला बोलायला काय जातंय! पहिलं सत्र हौसेहौसेनं गेलं. परीक्षेत मात्र शेवटच्या पेपरला हातानं दगा दिला. आधी अंगठ्यात मुंग्या, मग बोटं बधिर, मग पेन हातातून निसटून बाकाखाली. शेवटचा प्रश्न मला तोंडपाठ होता. मी त्याच्याकडे नुसती बघत बसले आणि घंटा झाली. तो विषय राहिला.

डॉक्टरांनी मनगट दाबून, वाकवून पाहिलं आणि विचारलं, "काय काम करता?" म्हटलं, "पापड लाटते." ते हसलेच. मनगटातली शीर दबली आहे म्हणाले. पट्टा दिला, गोळ्या दिल्या, आणि हाताचं काम निम्म्यावर आणा असं बजावलं. निम्म्यावर म्हणजे काय, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. मी मनाशी एकच ठरवलं होतं. उन्हाळ्यातल्या परीक्षेला हे सत्र आणि तो राहिलेला विषय, दोन्ही लिहायचे. तेव्हाही हात असाच पडला तर कॉलेजला रामराम. या वयात दरवर्षी तेच ते करत बसायची हौस मला नव्हती.

पापडांचं सांगायला हवं. जळगावच्या पिंप्राळ्यात, आमच्या कॉलनीत अक्कांच्या पापडांचं नाव आहे. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर धुळ्याकडचं, बोलणं अजून ठेठ अहिराणी. उडदाचं पीठ त्या भिजवतात, पापडखाराचं प्रमाण त्यांचं, कुटून घेणं त्यांच्या देखरेखीखाली. लाटते मी. होळीच्या सुमाराला लग्नघरांच्या ऑर्डरी सुरू होतात आणि ऊन कडक आहे तोवर लाटणं काही खाली ठेवता येत नाही. म्हणजे परीक्षा आणि पापड, दोघांचा मोसम एकच. हे आधी लक्षात यायला नको होतं का? पण नाही आलं.

तर हात वाचवायचा कसा? पापड थांबत नाहीत, पेपर कागदावरच लिहायचा. उरल्या वर्गातल्या नोट्स. आमच्या सरांना रेकॉर्डिंग चालत नाही, आणि फळ्यावर ते एक अक्षर लिहीत नाहीत, नुसते बोलत सुटतात. बॉलपेन दाबल्याशिवाय उमटत नाही. माझ्या शेजारी असोद्याहून बसनं येणारी एक मुलगी बसायची, तिच्याकडे टॅबलेट होता. एकदा तिनं तिचं पेन माझ्या हातात दिलं, "ताई, लिहून तर बघा." मी नेहमीसारखं दाबायला गेले. "अहो, दाबू नका. नुसतं फिरवा." फिरवलं, तर अक्षर उमटलं! पिठावर बोट फिरवावं इतकं अलगद. मला इतका आनंद झाला की सरांनी आमच्याकडे वळून पाहिलं.

तिचा टॅब महागातला होता, मामानं दिलेला. "स्वस्तातले पण चांगले मिळतात," ती म्हणाली, "पण हात टेकवून बघा. काहींवर तळहात टेकला की त्याच्याच रेघा उठतात. मग हात अधांतरी धरून लिहावं लागतं." हे ऐकल्याबरोबर माझं मनगट आपोआप दुखायला लागलं. हात अधांतरी धरून काम करणं म्हणजे काय, ते लाटणारीला विचारा.

झालं! माझ्या डोक्यात किडा शिरला. काचेला बोट कळतं कसं? आणि बोट आणि तळहात यांतला फरक तिला कोण सांगतं? फोन समोर ठेवून मी प्रयोग सुरू केले. नखानं चालेना. लाटण्याच्या टोकानं चालेना. पापडाच्या ओल्या पिठाची लाटी हातात धरून टेकवली तर चक्क चालली! मग चमचा, गाजर, काडेपेटीची काडी. अक्का दारात उभं राहून बघत होत्या. "काय करी ऱ्हायनी तू?" म्हटलं, "अक्का, अभ्यास." त्या गाजर उचलून घेऊन गेल्या.

त्या प्रयोगांतून आणि असोद्याच्या मुलीला भंडावून सोडून मला एवढं कळलं की पेनं दोन जातींची. एक रबरी टोकाचं. ते म्हणजे दुसरं बोटच, कुठल्याही काचेवर चालतं, पण काचेला ते आणि तळहात सारखेच. दुसरं पेन जरा शहाणं. ते आपल्या टॅबशी बोलतं, आणि ते जवळ आलं की टॅब तळहाताकडे काणाडोळा करतो. स्वस्तातल्या सगळ्याच टॅबना हे दुसरं पेन चालत नाही. तेव्हा दुकानात विचारायचा प्रश्न एकच, हात टेकवता येतो का?

हा प्रश्न ऐकून जळगावातले दुकानदार माझ्याकडे असे बघायचे की मी फ्रिजला चाकं आहेत का विचारलंय. एकानं सांगितलं, "वहिनी, हात कशाला, डोकं टेकवा, गॅरंटी आहे." दुसऱ्यानं कॅमेऱ्याचं कौतुक सुरू केलं. मी म्हटलं, "मला फोटो नाही काढायचे, लिहायचंय." तर म्हणतो, "मग वही घ्या ना." ओठावर आलं होतं ते गिळलं आणि बाहेर पडले. एका मारवाडी दुकानदारानं मात्र प्रामाणिकपणे सांगितलं की पेन जोडून दाखवायला त्यांच्याकडे उघडा पीस नाही, आणि खोकं फोडलं तर घ्यावंच लागेल. निदान खरं तरी बोलला.

नवऱ्याला फोनवर हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "धुळ्याला ये. इथं एका दुकानात चार-पाच पीस मांडून ठेवलेत, कोणी अडवत नाही." सकाळची एसटी धरून गेले. एरंडोल, पारोळा, मध्ये एक चहा, आणि डोक्यात सारखा तोच प्रश्न.

दुकानातल्या बाई शांत होत्या. त्यांनी बजेट विचारलं नाही, म्हणून मी त्यांना तिथंच निम्मे गुण दिले. मी आधी दोन्ही हातांत एकेक टॅब घेऊन वजन पाहिलं. भरताचं वांगं घेताना आपण बघतो तसंच, आकारानं मोठं आणि हाताला हलकं. नवरा हळूच म्हणाला, "टिचकी पण मारून बघ." मग मी खुर्ची मागितली, टॅब टेबलावर आडवा ठेवला, तळहात निवांत टेकवला आणि संविधानाची प्रस्तावना लिहायला घेतली. पहिल्या टॅबवर प्रस्तावनेखाली माझ्या तळहाताच्या रेघांची गिचमिड झाली. दुसरा बरा, पण अक्षर माझ्या मागून दमत दमत यायचं. तिसऱ्यावर "आम्ही, भारताचे लोक" सरळ उमटलं आणि हाताचा डाग नाही! मी सबंध प्रस्तावना लिहून काढली. तोवर दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन मागं उभी राहिली होती.

तो टॅब मागच्या वर्षीचा होता, म्हणून आमच्या आवाक्यातला. पडदा वहीच्या पानाएवढा. सिम नाही, पण घरी वायफाय आहे आणि कॉलेजात फोनवरून नेट देता येतं. मेमरी कार्ड घालायला जागा आहे, म्हणजे कायद्याची पुस्तकं मावतील. नवरा म्हणाला, "अक्कांना सुरतेच्या ताईशी व्हिडिओवर बोलता येईल. दोघींचं भागेल." मी हो म्हटलं, पण मनात म्हटलं, आधी माझं.

आणि इथं माती खाल्ली. बाई पडद्यावरचा कंपनीचा पातळ कागद सोलायला लागल्या तशी मी ओरडले, "अहो, राहू द्या तो!" आमच्या घरात नवी वस्तू उघडी करत नाहीत. रिमोट अजून पिशवीत आहे, फ्रिजच्या मुठीला झालर आहे, मिक्सरला फ्रॉक आहे. बाई म्हणाल्या, "याच्यावर काच लावायची आहे ना?" म्हटलं, "कागदावरूनच लावा. आणि जाड लावा." त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं खांदे उडवले. लावली.

घरी आल्यावर अक्कांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला. "इतली मोठी परीक्षा शे, नि पाटीवर लिखस का?" पण दुसऱ्या दिवशी जुन्या गोधडीच्या तुकड्याची पिशवी शिवून तयार होती, बंदासकट.

वर्गात लिहायला बसले तर पेन मध्येच उमटेना. 'कलम' लिहावं तर 'क' आणि 'म' यायचे, 'ल' गायब. मग मी दाबू लागले. दाबलं की यायचं. आठवडाभरात मनगट पुन्हा सुजलं आणि मला रडू कोसळलं. इतकं विचारून, पारखून, एसटीनं धुळं गाठून घेतलेली वस्तू, आणि हात होता त्याहून वाईट! सेटिंगमधली सगळी बटणं दाबून पाहिली. पेनाचं टोक बदललं. असोद्याच्या मुलीनं टॅब हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरला, आणि म्हणाली, "ताई, याच्यावर काय काय लावलंय?"

मी सांगितलं. ती आधी हसली नाही, मग हसू आवरेना तिला. पेनाला काच दोन थरांआडून ओळखायची होती, आणि मधला कागद तर फुगे धरून बसला होता. कॉलेजच्या पायरीवर बसून आम्ही दोघींनी नखांनी सगळं सोललं. जिवावर आलं होतं हो! नवी कोरी वस्तू उघडी करायची म्हणजे अंगावर काटा आला. मग पेन टेकवलं. दुकानात उमटलं होतं तसंच, अलगद. त्या दिवशी सरांनी दोन तास सलग घेतले आणि माझ्या हाताला पत्ता लागला नाही.

पुढचे दोनेक महिने फार बरे गेले. नोट्स टॅबवर, हाताला आराम. हळूहळू पट्टा सुटला. कागदावर लिहायचा सराव मी मोजकाच करायची, परीक्षेपुरता जोर राखून ठेवायचा म्हणून. संध्याकाळी अक्का सुरतेला नणंदेशी बोलायच्या आणि पडदा नाकाला लावून तिच्या मुलांचे दात बघायच्या. हे सगळं चालू होतं, पण कॅलेंडरवर होळी जवळ येत होती. एक उन्हाळा लाटायला बसलं की हात परीक्षेपर्यंत पोचत नाही, हे मला कळत होतं. अक्कांना सांगायची हिंमत होत नव्हती. मी, जी दुकानदारांशी भांडते, ती घरात एक वाक्य बोलू शकत नव्हते. काय सांगणार? तुमचं नाव बुडवा आणि मला पेपर लिहू द्या?

होळीच्या आधी नशिराबादच्या एक बाई आल्या. दरवर्षीचं गिऱ्हाईक, यंदा घरात मुलीचं लग्न. मी आतल्या खोलीत टॅबवर करार कायद्याच्या नोट्स लिहीत होते. पोळपाट काढायला उठावं म्हणून पेन खाली ठेवलं, तेवढ्यात ओट्यावरून अक्कांचा आवाज आला.

"यंदा पापड नहीत. मनी सूननी परीक्षा शे."

मी उठून दाराच्या पडद्याआड आले. बाई म्हणाल्या, "असं कसं अक्का? लग्नाचं घर आहे. तुमच्या हातच्या पापडाशिवाय रुखवत मांडायचा का?"

तुमच्या हातचे पापड. सगळे हेच म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे पोळपाटावर वाकून ऐकत आले आहे, आणि अक्कांनी कधी कोणाला दुरुस्त केलं नव्हतं. माझा संताप व्हायचा, पण तेवढ्यासाठी कोण भांडतं, म्हणून गप्प बसायची.

अक्का मग म्हणाल्या, "त्या मना हातना नहीत, बाई. तिना हातना शेत. नि तो हात आते पेपरले लागस."

पडद्याआड उभी राहून मी उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला आणि मुकाट्यानं रडले. बाहेर अक्का त्या बाईंना चहा घेऊन जायचा आग्रह करत होत्या. चहा मी टाकायला गेले तर त्यांनी माझ्या हातातलं पातेलं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "तू लिख."