पोटावरची थाप

डॉक्टरनं माझ्या पोटावर थाप मारली अन् म्हटलं, "ओळखलं का हिले? नाटकातली जाडी मावशी."

बाजूले शिकाऊ डॉक्टर पोरं उभी होती. सारी हसली. मी टेबलावर उताणी, पदर बाजूले.

वडशाच्या नाटक कंपनीत मी मोलकरणीचं सोंग करत होती. दर खेळाले विनोदी नट माझ्या पोटावर थाप मारे, ढोलकीवाला तेव्हाच ठोका दे, अन् मांडव हसून लोळे. तेच हसू इथी, नागपूरच्या दवाखान्यात. पण इथी मी सोंग घेऊन नव्हती आली. उजव्या कुशीत दुखत होतं माझ्या.

सोनोग्राफीत लिव्हरवर चरबी निघाली. दारू किती घेते, त्यानं विचारलं. थेंबभर नाई, मी म्हटलं. तो पोरांकडे पाहून म्हणे, "नाटकवाल्या बाया असंच सांगतात."

तळपायाची आग मस्तकात गेली. दारूनं माझा बाप नेला. मी त्या वासालेही उभी राहत नाई.

मग म्हणे, पोट कापून लहान करू, वजन उतरल, लिव्हर सुधरल. कंपनीचा मालक सोबत आला होता, त्यानं लगेच मान हलवली. पोट माझं अन् होकार त्याचा! मी विचारलं, यात धोका काय?

डॉक्टर म्हणे, "तुले सांगून काय समजणार?"

मी पदर सावरला अन् टेबलावरून उतरली.

चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईनं मले समोर बसवून सांगितलं. दारू न पिताही लिव्हरवर चरबी चढते. ऑपरेशननं काही लोकांले फायदा होते, पण आतली शिवण गळू शकते, रक्ताची गाठ होऊ शकते, जीवही जाऊ शकते. जन्मभर गोळ्या अन् तपासण्या. फार झपाट्यानं वजन उतरलं तर लिव्हर उलटं बिघडूही शकते. आधी खाणं सांभाळ, चाल, मग पाहू, म्हणे. सारं समजलं मले. घरी येऊन रडली मी. एवढं त्या नागपूरच्या डॉक्टरले सांगता येत नव्हतं काऊन?

दिवाळीनंतर नाटकं सुरू झाली. पहिल्याच खेळात नटानं हात उगारला. मी त्याचं मनगट धरलं. ढोलकीचा ठोका पडला, थाप नाई पडली.

"हात खाली घे, भाऊ. हे पोट आता कोणाले हसवासाठी नाई."

मालक विंगेतून डोळे वटारून राह्यला होता. काढतो कंपनीतून तर काढ म्हणा. ऑपरेशन करीन का नाई, ते मी ठरवीन, धोका विचारून ठरवीन. अन् मले न विचारता या पोटाले जो हात लावील, सुरीवाला डॉक्टर असो का थाप मारणारा नट, त्याचं मनगट मी असंच धरीन.