गाळलेली पायरी

हे मी अजून कुणाजवळ बोलली नाय. नवऱ्याजवळ नाय. माझ्या आईजवळ तर नायच — ती रडली असती आणि मग गावभर सांगत सुटली असती. तुम्हाला लिहून सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाय. उद्या रेवदंड्याच्या बाजारात माझ्या बाजूला उभं राहून तुम्ही कोथिंबीर घेतलीत तरी तुम्हाला कळणार नाय की ही तीच बाई. तेवढं बरं हाय.

आत्ता दुपार हाय. माझी मुलगी झोपलीय. साडेतीन वर्षांची हाय, झोपेत पण माझा पदर धरून ठेवते. बाहेर पडवीत माझी नणंद बसलीय, दर्शना. वही घेऊन. पेन्सिलचा आवाज मला इथपर्यंत येतोय. मधेच थांबतो, की मी पण लिहायची थांबते. उठली का? आत येतेय का? — नाय. लिहितेय परत.

म्हणून पटपट सांगते.

मी तळा तालुक्यातली. आमच्याकडं भातशेती. दहावी झाली, अकरावीला अर्धं वर्ष गेली, मग स्थळ आलं आणि संपलं. मुलगा रिक्षा चालवतो, रेवदंडा–अलिबाग, घर स्वतःचं, अजून काय पाहिजे? असं सगळे बोलले. मी काय बोलली ते कुणी विचारलं नाय. गणितात मी हुशार होती. हे मी फुशारकी म्हणून नाय सांगत, पुढं लागणार हाय म्हणून सांगते. माझ्या हातून पाप झालं ते अडाणीपणातून नाय झालं. मला येत होतं. नीट येत होतं.

लग्नात साड्यांच्या खाली मी माझी अकरावीची गणिताची वही घालून आणली होती. कशाला? मला पण नाय माहीत. आणली. सहा महिन्यांची पोटुशी होती तेव्हा एक दिवस बघते तर माझ्या वहीचं पान, माझं अक्षर, आणि त्यात सुकट बांधून शेजारच्या काकीकडं चाललीय. दर्शना घेऊन चालली होती. अर्धी वही फाडून झाली होती तोवर.

मी बोलली, अगं, ती माझी वही.

तर ती काय बोलली माहीत हाय? "अय्या! मला वाटलं रद्दी. आणि तुला काय करायचीय गं वहिनी आता? पोटातल्याला पाढे शिकवणार?" आणि तिच्याबरोबर तिची मैत्रीण होती, ती हसली. सासूबाई पण हसल्या. मी पण हसली. हसायचंच असतं ना अशा वेळी?

तेव्हापासून मला ती नको झाली. नको झाली हा शब्द पण मऊ हाय. तिची चप्पल दारात वाजली तरी माझे दात आवळायचे. ती सोळा वर्षांची होती, मी वीसची. ती शाळेत जायची, मी तिचा डबा भरायची. ती आरशासमोर गाणं बोलत वेणी घालायची आणि मला वाटायचं — जाऊदे. काय वाटायचं ते लिहिलं तर तुम्ही इथंच वाचणं सोडाल. सोडा हवं तर. मला कुणी चांगलं म्हणावं म्हणून मी लिहायला बसली नाय.

पण वहीमुळं मी तसं केलं असं समजू नका. वही हे कारण नाय. कारण शोधायला गेलं की सापडतं, कुणाला पण.

तिची दहावी झाली. गणितात काठावर पास. अलिबागला एका संस्थेत मुलींना राहून शिकायची सोय होती, एक वर्ष तयारी करून घ्यायचे आणि पुढं डिप्लोमाला पाठवायचे. वीस मुली घ्यायच्या. परीक्षा म्हणजे काय, तर सगळ्यांसमोर डब्यातून चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीत येईल ते गणित फळ्यावर सोडवून दाखवायचं. एकच गणित. सासूबाई मला बोलल्या, "तिला शिकव. तुझं शिकणं तेवढं तरी कामाला येईल."

तेवढं तरी.

मी शिकवलं. रोज संध्याकाळी, मुलीला मांडीवर घेऊन. मुलगी तेव्हा सहा महिन्यांची. आणि खरं सांगते, मी चांगलं शिकवलं. अवयव शिकवले, लसावि शिकवला, तिला अपूर्णांकाची भीती होती ती घालवली. ती मान खाली घालून ऐकायची. मला मजा यायला लागली होती. हेच तर — मला आवडत होतं ते काम, तरी पण मी केलं.

मग आली छेदवाली समीकरणं.

आता हे जरा नीट बघा, नायतर मी काय केलं ते तुम्हाला कळणार नाय. समजा एका बाजूला एक्सचा वर्ग हाय, त्याच्या खाली एक्स वजा तीन. दुसऱ्या बाजूला नऊ, त्याच्या खाली पण तेच, एक्स वजा तीन. दोन्ही बाजूंना खालच्यानं गुणायचं, छेद उडाले. राहिलं काय? एक्सचा वर्ग बरोबर नऊ. उत्तरं आली दोन: एक तीन आणि एक उणे तीन. झालं. एक पायरी चुकलीय का? नाय चुकली. पण आता ते तीन उचला आणि परत वरच्या गणितात घाला. खाली येतं तीन वजा तीन. शून्य! शून्यानं भागच जात नाय. म्हणजे तीन हे उत्तरच नाय. उणे तीन तेवढं खरं. सगळ्या पायऱ्या बरोबर, आणि तरी एक उत्तर खोटं.

आमचे सर हे शिकवताना बोलायचे, छेद उडवले की वरातीत कोणी पण घुसतो. नाचतो, पंगतीला पण बसतो. वाढायच्या आधी प्रत्येकाला विचारायचं, तू कोणाकडचा रे? आणि अख्खा वर्ग ओरडायचा — कोणाकडचा रे! तो पडताळा. आलेलं प्रत्येक उत्तर परत घालून बघायचं. ही शेवटची पायरी. ही मी कधी विसरली नाय. भाताला पाणी ठेवताना पण मला आठवायची.

दर्शनाला मी ती शिकवली नाय.

लिहिलं. लिहून झालं बघा.

एकदा विसरली असं नाय. सतरा गणितं मी तिला त्या प्रकारची घालून दिली, माझ्या हातानं, तिच्या वहीत. सतरा वेळा शेवटच्या ओळीपर्यंत आली आणि सतरा वेळा पेन उचललं. आधी मी गणितं अशी निवडली की ज्यात दोन्ही उत्तरं खरीच येतात. मग मुद्दाम दोन अशी घातली की ज्यात एक खोटं येतं. तिनं दोन्ही उत्तरं लिहिली, मी खाली बरोबरची खूण केली. शाब्बास पण बोलली. ती एवढी खूश झाली. "वहिनी, दोन दोन उत्तरं येतात गं, एकाच गणिताची!"

मी खोटं एक अक्षर सांगितलं नाय, असं तेव्हा मी मनाला सांगायची. चिठ्ठीत तेच गणित येईल असं थोडंच हाय, असं पण सांगायची. कुणाला फसवत होती मी?

चिठ्ठीत तेच आलं.

मी तिथं होती. ह्यांची रिक्षा त्या दिवशी भाड्यावर, सासूबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून तिच्याबरोबर मी. मुलीला कडेवर घेऊन वर्गाच्या दारात उभी. तिनं खडू घेतला. काय सुंदर सोडवलं तिनं! भरभर, न अडखळता, एकाखाली एक पायऱ्या. खाली दोन उत्तरं, दोन्हींना चौकट. आणि वळली. तिच्या तोंडावर जे होतं ना तेव्हा, ते मी आधी कधी बघितलं नव्हतं.

बाई बोलल्या, "झालं?"

"झालं, बाई."

"बघ परत. दोन्ही उत्तरं?"

"व्हय, दोन्ही."

तेव्हा बोलता आलं असतं मला. दारातून खोकली असती तरी चाललं असतं. बाई वेळ देत होत्या तिला, खरंच देत होत्या. ती माझ्याकडं बघायला लागली. दाराकडं नाय, माझ्याकडं. वहिनी, काय राहिलं? असं डोळ्यांनी. आणि मी काय केलं? मुलीचं टोपडं सारखं केलं. नाडी सोडली, परत बांधली.

बाईंनी तिच्या हातून खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, तीन वजा तीन. "शून्यानं भागतेस होय? दहावी कशी गं सुटलीस तू?" मागच्या मुली हसल्या. तिच्या मैत्रिणीसारख्याच हसल्या. मला वाटलं होतं मला बरं वाटेल.

घरी येताना ती माझ्या बाजूला बसली होती आणि मुलीचा पाय हातात धरून होती. घरी सासूबाई बोलल्या, "वहिनीनं एवढं डोकं फोडलं तुझ्यापाठी, तरी मठ्ठ ती मठ्ठच." मी तिथंच होती, चहा गाळत. चहा गाळून दिला सगळ्यांना.

मग ती शाळा-बिळा काय बोलली नाय. बागायतदारांकडं सुपारी सोलायला जायला लागली. तीन वर्षं जातेय. अंगठ्याची नखं काळी पडलीत, भाकरी मोडताना दिसतात मला. आणि तोंड बदललं तिचं. उलटून बोलत नाय. माझी मुलगी तिच्याशिवाय जेवत नाय — आत्या पाहिजे, आत्या भरवते. मला बरं नसलं की ती माझी भांडी घासते. ह्याचा मला राग येतो. कळतंय का तुम्हाला? ती पहिल्यासारखी वाईट राहिली असती तर मला सोपं गेलं असतं.

पण मी जे सांगायला बसली ते हे नाय. हे आधीचं. खरं पुढं हाय.

गेल्या महिन्यात तिला स्थळ आलं. ती घरात बोलली, एकदा शेवटचं त्या संस्थेत जाऊन बघते, नाय जमलं तर तुम्ही बोलाल तिथं उभी राहते. सासूबाई कशाबशा तयार झाल्या. आणि ती माझ्याकडं आली. "वहिनी, ते छेदवालं परत सांगतेस? माझ्या डोक्यात राहत नाय काय."

मी सांगितलं. ह्या वेळी सगळं सांगितलं, पडताळ्यासकट, पंगतीची गोष्ट सांगून. तुम्हाला वाटेल मला दया आली. भीती वाटली मला. परत फळ्यावर तेच झालं आणि कुणी बाईनं विचारलं, शिकवलं कोणी, तर?

तिची पेन्सिल थांबली. ती उठली, आत गेली, पेटीतून जुनी वही घेऊन आली. ठेवली होती तिनं. माझी तिनं सुकटीला फाडली होती आणि माझ्या अक्षराची ही जपून ठेवली होती. एकेक पान उलटत गेली. सतरा गणितं. शेवटच्या पायरीची जागा सतरा वेळा कोरी. मी तिच्या समोर बसली होती, मनात मी पण मोजत होती.

तिनं वर बघितलं. रागानं नाय. तिला फक्त माहीत करून घ्यायचं होतं, तीन वर्षं जे ती स्वतःबद्दल समजत होती ते खरं की खोटं. "वहिनी, हे तू तेव्हा सांगितलं होतंस काय गं?"

एवढंच. 'नाय' असं बोलायचं होतं मला. एक शब्द.

मी बोलली, "सांगितलं होतं की. तोंडी. तुझं लक्ष नव्हतं."

तिनं स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि हसली. "व्हय गं. माझं लक्षच नसतं ना." आणि वही मिटली.

तेव्हाच माझी मुलगी पळत आली आणि तिच्या गळ्यात पडली.

परवा ती सुपारीला गेली होती तेव्हा मी तिची नवी वही उघडली. प्रत्येक गणिताखाली पडताळा हाय. दोन दोनदा केलाय. आणि पहिल्या पानावर, आत, नाव लिहितात तिथं, मोठ्या अक्षरात लिहिलंय — लक्ष दे, मठ्ठ.

मी वाचलं. वही मिटली. होती तिथं ठेवली.

पेन्सिल थांबलीय बाहेर. हाक मारतेय ती मला. उत्तर बरोबर हाय काय बघायला.