टोपलीतला जीवखडा

दादा मंगळवारी वारला. सकाळी तो टेकडीवर गेला होता. दुपारी त्याला बैलगाडीतून घरी आणलं. ऊन लागलं, असं डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी वैनगंगेच्या घाटावर मी त्याला अग्नी दिला.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. चांदा जिल्हा तेव्हा एकच होता, गडचिरोली त्यातच होती. मी नागपूरला कॉलेजात शिकत होतो आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आलो होतो. दादा खनिजं शोधणाऱ्या एका कंपनीसाठी रानं-डोंगर हिंडायचा. त्याला मूल नव्हतं, म्हणून क्रिया माझ्याकडे आली.

घरात दगड होते. फळीवर होते, खाटेखाली होते, तुळशीभोवती होते. दादानंच मला ते पाहायला शिकवलं. म्हणायचा, रंगावर जाऊ नको, रंग फसवतो. फुटक्या बशीची खालची खरखरीत बाजू घ्यायची आणि तिच्यावर दगड ओढायचा. काळा दिसणारा हेमॅटाइट तिथं लाल रेघ उमटवतो, आणि त्यातलं लोखंड कळतं. मग चाकूनं ओरखडा काढायचा, तळहातावर वजन पाहायचं, चुनखडी वाटली तर तेजाबाचा थेंब टाकून फेस येतो का बघायचं. एवढं करूनही कळलं नाही, तर हातोडी. दगडाच्या सालीवर ऊन-पाण्यानं काहीबाही चढलेलं असतं, खरा दगड ताज्या फोडीत दिसतो, हे तो पुन्हा पुन्हा सांगे.

हिवाळ्यात त्यानं घाटावरून टोपलीभर गोटे आणले होते. डोंगरात न जाता डोंगर ओळखायचा त्याचा तो मार्ग होता. वर जे खडक झिजतात त्यांचे तुकडे नदी खाली आणते, तेव्हा गोटे नीट पाहिले तर वर काय आहे त्याचा अंदाज येतो. ते निवडायचं काम राहून गेलं होतं. टोपली ओसरीवर होती.

चितेभोवती फिरताना मडक्याला ज्या खड्यानं भोक पाडतात, तो जीवखडा. गेलेल्याचा जीव दहा दिवस त्यात असतो, असं मानतात. रोज त्यावर तिळाचं पाणी घालायचं आणि दहाव्याला पिंडाला कावळा शिवला की तो नदीत सोडायचा. घाटावर हाताला लागला तो लिंबाएवढा तांबूस गोटा मी उचलला होता. तो ओसरीच्या कोनाड्यात मातीच्या परळात ठेवलेला असे. वहिनी दिवसातून कितीदा तरी त्या बाजूला येऊन बसत.

मला मात्र बसवत नव्हतं. सुतकात कुठं जाता येईना. आत-बाहेर करायचो, पुस्तक उघडायचो, तीच ओळ वाचायचो आणि मिटायचो.

चिमूरहून आत्या आली ती उशिरा, मोटार बंद पडल्यामुळं. आल्या आल्या तिनं पदर खोचला आणि ओसरी झाडायला घेतली. मी आंघोळ करून तिळाचं पाणी घालायला आलो तर कोनाडा रिकामा होता आणि परळ घासून पालथा घातलेला होता.

मी विचारलं तेव्हा आत्यानं टोपलीकडं बोट केलं. “मले काय माहीत, बाबू? या घरात जिथी पाहा तिथी गोटे. हाई त्याचाच असंन म्हून टोपल्यात टाकून देल्ला.”

दुसऱ्या कुठल्याही घरात कोनाड्यातल्या खड्याला कोणी हात लावला नसता. आत्यानं उभ्या आयुष्यात इतके दहावे पाहिले होते. ती आमच्याच घरात चुकू शकत होती.

गुरुजींना बोलावलं. ते म्हणाले, घाबरण्याचं कारण नाही, असा खडा हरवला तर नवीन खडा घेऊन त्यावर पुन्हा आवाहन करता येतं, शास्त्रात सोय आहे. वहिनी दाराआडून ऐकत होत्या. त्या माझ्याशी बोलल्या, पण गुरुजींना ऐकू जाईल अशा.

“नवा खडा म्हंजे कोन, भाऊजी? हे तर टोपल्यातच राह्यतीन ना.”

दादा टोपलीत राहणार, ही एकच गोष्ट वहिनींना दिसत होती, आणि त्याला ओळखून बाहेर काढणारं घरात माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

मी टोपली अंगणात ओतली. काळे आणि पट्ट्यापट्ट्यांचे गोटे बाजूला केले. पट्टे असलेला तो नाइस, जमिनीच्या पोटात तापून, दाबला जाऊन जुन्या खडकाचा झालेला. पांढऱ्या गारगोट्या काढल्या. तांबूस राहिले. त्यातले हाताला जड लागले ते लोखंडाचे, भोकाभोकाचे होते ते जांभ्याचे, तेही गेले. मग मापानं निवडले. शेवटी तीन उरले. तिन्ही लिंबाएवढे, तिन्ही क्वार्टझाइटचे. हा मुळात वाळूचा खडक. गाडला जाऊन, तापून त्याचे कण एकमेकांत इतके घट्ट बसतात, की फोडला तर तो कणांच्या कडेनं फुटत नाही, कणांतून फुटतो. हे मला दादानंच दाखवलं होतं.

भिंग घेऊन पाहिलं. मडक्याची माती कुठं चिकटली असेल, असं वाटत होतं. पण रोज मीच त्यावर पाणी घालत आलो होतो. तिन्ही गोटे एकाच घाटावरचे, एकाच पाण्यानं घासलेले, बहुतेक वरच्या एकाच थरातून निघालेले. बशीवर ओढून उपयोग नव्हता. हा दगड बशीपेक्षा कठीण असतो, रेघ देत नाही. फोडूनही काही कळणार नव्हतं, आतून तिन्ही सारखेच निघाले असते. तरी मी हातोडी आणली. दुसरं काय करायचं ते मला येत नव्हतं. एक गोटा पायरीवर ठेवला.

“भाऊजी, फोडून राह्यले काय त्याले?”

वहिनी कधी येऊन उभ्या राहिल्या, कळलं नव्हतं. मी हातोडी खाली ठेवली. किती उरले, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, तीन, याहून पुढं मला जाता येत नाही. त्यांनी तिन्ही गोटे पदरात घेतले, धुतले, परळात मांडले आणि म्हणाल्या, “तीनई न्या. एकात तर असतीनच.”

गुरुजी कुरकुरले. एका जीवाला एक खडा, असं म्हणाले. वहिनींनी परळ कोनाड्यात ठेवला आणि त्या आत गेल्या. राहिलेले दिवस मी तिन्हींवर पाणी घातलं.

दहाव्याला घाटावर पिंड मांडला आणि आम्ही लांब जाऊन बसलो. एक कावळा समोरच्या झाडावर आला, मान वाकडी करून बघत राहिला, उडाला. दुसरा वाळूत उतरला आणि पिंडाला वळसा घालून गेला. माणसं एकेक करून शब्द देऊ लागली. मामा म्हणाले, सूनबाईला काही कमी पडणार नाही. मी म्हणालो, वहिनी माझ्याजवळ राहतील. आत्या रडत म्हणाली, चूक माझी आहे, सूनबाईवर राग नको. वाळू तापली. सगळ्यांची नजर परळाकडं जात होती. खरा खडा यात नाही, टोपलीतच राहिला, असं मलाही वाटायला लागलं. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला शिववला.

मी गुडघाभर पाण्यात गेलो आणि तिन्ही गोटे एकदम सोडले. पाणी स्वच्छ होतं. तळाशी तसलेच तांबूस गोटे पसरलेले होते. मी सोडलेले कोणते, ते लगेचच सांगता येईना.

घरी आलो तर वहिनी ओसरीच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. कावळा शिवला का, त्यांनी विचारलं. खोटं सांगायचं असं वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून खरंच निघालं. दर्भाचा करावा लागला, मी म्हणालो.



“जेवाले तरी कधी एका हाकेत आले होते काय ते,” त्या म्हणाल्या, आणि माझं पान वाढायला आत गेल्या.

वहिनी पुढं माझ्याजवळच राहिल्या. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दादाचे दगड माझ्याकडे आहेत. त्यातले बहुतेक मला ओळखता येतात. काही अजून येत नाहीत.