जिन्यावरचं फसवं गणित

आमच्या बाई आता रोडपालीला मुलाकडे असतात. मी अधूनमधून रविवारी जातो. त्या मला ओळखत नाहीत, पण चहा मात्र आग्रहानं पाजतात आणि दर वेळी नव्यानं विचारतात, "आपण कुठल्या शाळेत?" मी शाळेचं नाव सांगतो. "चांगली शाळा आहे हो," असं म्हणतात. खाली उतरल्यावर गाडी सुरू करायला मला जरा वेळ लागतो.

त्या चांगल्या शाळेच्या गणित विभागाच्या त्या प्रमुख होत्या. विभाग म्हणजे काय, तर बाई, मी, दर वर्षी बदलणारी एक शिक्षिका आणि ढाली-करंडकांचं एक कपाट, ज्याची किल्ली कायम हरवलेली. मी पुण्याहून आलेलो, त्यामुळे सुरुवातीला मला सगळंच कळत होतं. पहिल्या सहामाहीतच बाईंनी ते उतरवलं.

जिन्याच्या वळणावर एक फळा होता. दर सोमवारी बाई त्यावर एक गणित लिहायच्या. उत्तर त्यांच्यासमोर उभं राहून तोंडी सांगायचं. सांगितलं की त्यांचा एकच प्रश्न, "ताळा केलास?" म्हणजे आलेलं उत्तर पुन्हा गणितात घालून पडताळून बघितलंस का. ताळा न करता आलेल्याला त्या सरळ परत पाठवायच्या, मग उत्तर बरोबर का असेना. आणि सहामाहीत एकदाच त्या फसवं गणित घालायच्या, ज्याला उत्तरच नाही. दोन लागोपाठच्या संख्यांची बेरीज अठ्ठेचाळीस, तर त्या संख्या कोणत्या? पोरं दिवसभर डोकं खाजवत बसायची. जो येऊन "बाई, हे गणितच चुकलंय" म्हणेल, तो स्पर्धेच्या संघात. बाईंच्या तोंडावर असं म्हणायला छाती लागायची, आणि त्यांना नेमकी तीच हवी असायची.

त्या वर्षी ती छाती नववीतल्या एका मुलीनं दाखवली. ती चिरनेरच्या बाजूच्या एका गावातून यायची. आजोबांचं मिठागर होतं, वडिलांचे आता डंपर होते. आई प्रत्येक पालकसभेला येऊन शेवटच्या बाकावर बसायची आणि जाताना मला हटकून विचारायची, "सर, आमचे पोरीचं नाव कवा पुकारतील?" स्नेहसंमेलनात बाई विभागाचा वार्षिक अहवाल सांगायच्या, तेव्हा बक्षीस मिळवणाऱ्यांची पूर्ण नावं माइकवरून घ्यायच्या. पाचवीपासून ती माउली त्या एका नावाची वाट बघत होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर फळ्यावर एक त्रिकोण आला. बाजू पाच, सात आणि तेरा, क्षेत्रफळ काढा. मुलगी धावतच वर आली.

"बाई, असा त्रिकोण होतच नाय! दोन बाजू मिळून तिसरीला पुरतच नाय!"

बाई नुसत्या फळ्याकडे बघत राहिल्या. मी शेजारीच होतो. रस्ता चुकलेल्या माणसाचा असतो तसा चेहरा झाला होता त्यांचा. मग सावरून म्हणाल्या, "शाब्बास. सापडलं तुला."

पुढच्या सोमवारीही उत्तर नसलेलं गणित आलं. त्याच्या पुढच्याही. मुलं जाम खूश. बाईंनी यंदा फसव्या गणितांचा सपाटाच लावलाय, बाई एकदम फॉर्मात आहेत, असं जिन्यावर कानावर यायचं. आमच्या शाळेतच होऊ शकेल असा हा घोटाळा. दुसऱ्या कुठल्या शाळेत बाई चुकल्या असत्या तर पोरं हसली असती, आमच्याकडे टाळ्या वाजवत होती. मला रडू यायचं बाकी होतं.

फक्त ती मुलगी गप्प झाली. एका मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे आली.

"सर, बाई फसवत नायत ना?"

"नाही," मी म्हटलं.

"मग कोणाला सांगू नका." मलाच ताकीद देऊन ती गेली.

सांगणार तरी कुणाला होतो? बाईंची निवृत्ती मे महिन्यात होती. मुख्याध्यापकांच्या कानावर गेलं असतं तर त्यांनी सहानुभूतीनं बाईंना रजेवर पाठवलं असतं. त्यांची सहानुभूती मला चांगली ठाऊक आहे. बाईंनी शेवटचा अहवाल स्वतः सांगावा आणि मानानं घरी जावं, एवढंच मला हवं होतं. मुलीनं आपल्यापुरता मार्ग काढला. बाई गणित लिहून वर्गात गेल्या की ती जिन्यात थांबायची आणि कुणी येण्याआधी एखादा आकडा पुसून बदलायची. दुपारी मुलं उत्तरं घेऊन यायची, ताळा जमायचा, बाई समाधानानं मान हलवायच्या.

जिल्ह्याची स्पर्धा अलिबागला होती. पळस्पे फाट्याच्या कोंडीत आमची बस नेहमीप्रमाणे अडकली आणि बाईंनी तेवढ्या वेळात पोरांना तोंडी कोडी घालून हैराण केलं. जुनं सगळं शाबूत होतं. आमचा संघ दुसरा आला आणि ती मुलगी जिल्ह्यात पहिली. परतताना ढाल बाईंच्या मांडीवर होती.

स्नेहसंमेलनाला आई पैठणी नेसून दुसऱ्या रांगेत बसली होती, शेजारी वडील. बाईंनी आजवर हातात कागद घेऊन अहवाल सांगितला नव्हता. मी नावांची चिठ्ठी पुढे केली, ती त्यांनी हसून परत केली. सुरुवात झकास झाली. मग आवाज चढवून त्या म्हणाल्या, "आणि वैयक्तिक स्पर्धेत जिल्ह्यात पहिली," आणि नाव घेतलं. ते नाव कपाटातल्या सगळ्यात जुन्या ढालीवर कोरलेलं आहे. मी शाळेत येण्याच्याही आधीच्या एका मुलीचं.

टाळ्यांसाठी उचललेले आईचे हात तसेच राहिले. ती इकडेतिकडे बघू लागली. मी माइककडे निघालो होतो, पण विंगेतून मुलीनं माझ्याकडे असं काही बघितलं की मी जागीच थांबलो. ती स्टेजवर गेली, बाईंच्या पाया पडली आणि दुसरीच्या नावानं पुकारलेली स्वतःची ढाल घेऊन आली.

"सर, नाव तर दुसरीचंच घेतलं," आई मला नंतर म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"राहू दे ना गं आई," मुलगी म्हणाली. "ढाल आपल्याकडंच हाय ना."

सोमवारी मी लवकर पोचलो, तर बाई फळ्यासमोर उभ्या.

"सर, परवा स्टेजवर आली ती मुलगी. तिचं खरं नाव काय हो?"

मी सांगितलं. त्यांनी ते पुटपुटून बघितलं आणि गणिताच्या जागी ठळक अक्षरांत लिहिलं, वडिलांच्या नावासह. खाली लिहिलं, जिल्ह्यात प्रथम. मग खडूचा डबा माझ्या हातात दिला.

"आता तुम्ही लिहीत जा. मला कळतं हो. मागच्या आठवड्यात सातचा आठ केलेला होता. तो आठ माझ्या हातचा नव्हता."

घंटा झाली, मुलं जिना चढू लागली. ती मुलगी वळणावर आली आणि फळा बघून थांबली.

"बघ गं बाळ, बरोबर आहे का," बाई म्हणाल्या.

"बरोबर हाय, बाई."

"ताळा केलास?"

तिनं क्षणभर माझ्याकडे बघितलं. मग स्वतःचं पूर्ण नाव सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं. बाईंनी मनापासून टाळ्या वाजवल्या.

"फार हुशार आहे गं ही मुलगी," त्या तिला म्हणाल्या. "तुझ्या वर्गात आहे का?"

"हो बाई," ती म्हणाली. "माझ्याच वर्गात हाय."