माझ्या मशीनमधला तिचा भाऊ

मागावर लुगडी विणणारी आमची शेजारीण माझ्या टेपरेकॉर्डरसमोर बसली की आधी डोक्यावर पदर घ्यायची. बटण दाबायचं काम माझं. व्हिसा संपला म्हणून तिच्या भावाला आखातात कोंडून ठेवलं होतं. तो लांब आहे म्हणून ती ओरडून बोलायची, "बापू, पोटभर जेवतो ना रे? टावेल पाठवून राहिली, मीच विणला." तिकडून सुट्टीवर आलेला कुणीतरी परत जाताना ती कॅसेट न्यायचा.

टेपरेकॉर्डर माझ्या भावाने पाठवलेला. तोही तिकडेच, पण मोकळा, चांगल्या नोकरीत. त्याने मशीन पाठवली, आवाज कधी पाठवला नाही.

तिच्या भावाची मात्र उलट कॅसेट आली. त्यात तो विचारत होता, "ताई, शेजारच्या भाऊंचा गुडघा कसा हाये?" कोंडलेल्या माणसाला माझा गुडघा आठवत होता! मी जळलो. उगाच म्हणालो, "आवाज काही नीट येत नाही."

पुढच्या खेपेला बोलणं संपवताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि मशीनला सांगितलं, "आन बापू, जो तुले टेप आणून देते त्याच्या हातून भाऊंच्या भावाले निरोप धाडजो. म्हणाव, घरी दोन शब्द बोलून पाठव."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बंद करायचं बटण बोटाखालीच होतं. मी ते दाबलं नाही.