टकळी बंद!

मला बोलायला लागतं. लग्न होऊन नाशकात आले तेव्हा तर जिभेला खळ नव्हती. सासूबाई दिवसातून दहादा म्हणत, "अगं, टकळी बंद कर!" सूत कातायची टकळी एकदा फिरवली की भिरभिरतच राहते, म्हणून न थांबणाऱ्या बडबडीलाही टकळीच म्हणायचे. शब्द झकास, पण नेहमी माझ्याच वाट्याला यायचा, त्याचा राग येई.

ते दिवस खादीचे. पंचवटीत एका देवळाच्या ओवरीत बायकांचा कताईचा वर्ग भरे. दुपारी दोन तास मनसोक्त बोलायला मिळे म्हणून मी जाई; देशकार्य नंतर. सासूबाईंनी हे ओळखलंच. वर्गाची स्पर्धा ठरली तशी त्यांनी बजावलं, "पहिली आलीस तर रोज जा. नाहीतर दुसऱ्या दिवसापासून घरी."

अर्ध्या तासात जिचं सूत जास्त लांब, ती पहिली. सासूबाई स्वतः येऊन खांबाला टेकून बसल्या. मी शहाण्यासारखी गप्प राहून कातू लागले, तर तार सारखी तुटायला लागली. म्हटलं, मरो! शेजारणीला माझ्या माहेरची, घोटीची गोष्ट सांगायला घेतली: बहिणीच्या लग्नात पंगत बसली आणि भाताचं पातेलंच सापडेना. तार सरसर येऊ लागली. तेवढ्यात देखरेखीचे मास्तर माझ्याकडे बघून कडाडले, "टकळी बंद!"

आणि काय सांगू! ओवरीतल्या झाडून सगळ्या बायांनी टकळ्या थांबवल्या. त्यांना वाटलं, वेळ संपली. मला मात्र त्या शब्दांचा एकच अर्थ माहीत. मी तोंड मिटलं आणि हात दुप्पट चालवला. मास्तर "अहो, काता, काता" करत सगळीकडे धावेपर्यंत मी कितीतरी पुढे गेले होते.

माझं सूत सगळ्यांत लांब भरलं. एकच गलका झाला, "सांगूनही हिने थांबवली नाही!" मास्तर डोकं खाजवू लागले. तेव्हा सासूबाई उठल्या.

"मास्तर, तुम्हाला काय थांबवायचं होतं? हिचं तोंडच ना?"

"हो."

"मग थांबवलं की तिनं! आमच्याकडे रोज ऐकते ती. बाकीच्यांना शब्द कळला नाही, त्याला ती काय करणार?"

मी पहिली आले! आनंदानं नाचावंसं वाटत होतं, पण घरी जाताना सासूबाईंच्या मागून मुकाट चालत राहिले. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, घाटावर त्या थांबल्या.

"अगं, गप्प का? त्या पातेल्याचं पुढे काय झालं?"